प्रतिनिधीने मतदारांस काय सांगावे?



विधिमंडळाचे अधिवेशन संपले म्हणजे आपल्या मतदारसंघाचे आमदार गावी परत येतात. हारतुरे होतात, चहापान होते आणि लोक आपापले अर्ज पुढे करू लागतात. कोणास मुलीची बदली जवळच्या शाळेत व्हावयास हवी असते, कोणास मोठ्या रुग्णालयात खाट हवी असते, कोणाच्या आळीतील गटार तुंबलेले असते. आमदार ते अर्ज घेतात, चिटणिसाच्या हाती देतात, दोन गोड शब्द बोलतात आणि पुढच्या गावी निघून जातात. या सर्व गडबडीत एक प्रश्न मात्र त्यांस सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, "ज्या सभागृहात आपण आमच्या वतीने बसलात, त्या सभागृहाने या खेपेस कोणते कायदे केले? त्यांपैकी आमच्या दाराशी कोणता येणार? आणि त्या वेळी आपण काय बोललात?" हा प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तरही कोणी देत नाही. आजच्या भाषणात मी याच प्रश्नाचा विचार करणार आहे.

प्रतिनिधीने हिशेब द्यावयाचा तो कोणास, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यात कायदे करणारी सभा १८६१ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि १८६२ च्या जानेवारीत तिची पहिली बैठक भरली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे थोर गृहस्थ त्या सभेत होते. पण त्यांस तेथे बसविले होते ते गव्हर्नराने. रयतेने त्यांस निवडलेले नव्हते, त्यामुळे रयतेस जाब देण्याचे बंधनही त्यांच्यावर नव्हते. ज्यांस लोकांची कळकळ होती त्यांनी ते बंधन आपण होऊन मानले, इतकेच. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यात शेतकऱ्यांस जाचक वाटणारी दुरुस्ती सरकारने पुढे रेटली, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आदी सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. सरकारी सभासदांच्या बहुमताने दुरुस्ती संमत झाली खरी. तथापि लोकांच्या वतीने बोलणारा मनुष्य म्हणजे काय, हे त्या दिवशी लोकांस दिसले.

पुढे १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मतदारांची संख्या वाढत गेली. तरीही मताचा अधिकार मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा गोष्टींवर अवलंबून होता. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळून सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९५१-५२ मध्ये. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आज आपल्या विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ जागा आहेत. विधानसभेतील प्रत्येक सभासद मतदारांनी थेट निवडून दिलेला असतो. गव्हर्नराने नेमलेल्या सभासदाने गव्हर्नराकडे पाहावे हे एक वेळ समजू शकते. लोकांनी निवडलेल्याने लोकांकडे पाठ फिरविली तर त्यास कोणता आधार सांगता येईल?

आता कोणी म्हणेल, "कायदा झाला की तो राजपत्रात छापून येतो, वृत्तपत्रांत येतो, हल्ली तर हातातल्या यंत्रावरही येतो. मग प्रतिनिधीने तो वेगळा सांगावयाचे प्रयोजन काय?" या शंकेचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात एक ठराव मांडला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी तो संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही अस्पृश्य मानलेल्या लोकांसही खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठरावही केला. मुंबईस ठराव झाला, महाडास ठराव झाला. तळ्याच्या काठावर मात्र काहीएक बदलले नाही. तहानलेल्या माणसास त्या कागदांनी ओंजळभरही पाणी दिले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावाचा अर्थ सर्व देशास कळला. पुढे त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. संमत झालेल्या ठरावापासून न्यायालयाच्या अखेरच्या निर्णयापर्यंत चौदा वर्षे लोटली. सभागृहाने हात वर केले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्याने हा इतिहास एकदा तरी वाचावा.

मी शाळेत अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकविले. पाठ्यपुस्तकातील धड्यात विधेयकाचा प्रवास राज्यपालांच्या सहीशी संपत असे. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, सही झाली, मग तो कायदा गावात कोण आणतो?" पोलीस, तलाठी, ग्रामसेवक, न्यायालय अशी उत्तरे मी दिली आणि ती चुकीची नव्हती. पण या साऱ्यांकडे जावयाचे, तर असा कायदा आहे हे आधी माणसास ठाऊक असावे लागते. हे पहिले पाऊल घालून देण्याचे काम ज्याच्याकडे स्वाभाविकपणे येते, तो मनुष्य म्हणजे आपला प्रतिनिधी होय.

विधेयकाचा हा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण प्रतिनिधीने कोणत्या टप्प्यावर काय केले हे विचारावयाचे तर टप्पे माहीत हवेत. विधेयक मांडले जाते तेव्हा त्यास उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते. कायदा कशासाठी करावयाचा, हे त्या लहानशा निवेदनात सांगितलेले असते आणि सामान्य मनुष्याने वाचावयाचा भाग तोच. मग विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते. नंतर एकेक खंड घेऊन दुरुस्त्या सुचविल्या जातात. शेवटी ते संमत होते. विधेयकात असतो तो खंड; कायदा झाला की त्याचेच नाव कलम. विषय गहन असला तर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे तो सोपविता येतो आणि अशा समितीपुढे लोकांस आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळू शकते. पैशासंबंधीचे विधेयक विधानसभेतच मांडावे लागते आणि विधानपरिषदेस ते चौदा दिवसांत परत करावे लागते. इतर विधेयके परिषद काही काळ रोखू शकते, कायमची अडवू शकत नाही. यानंतर राज्यपालांची संमती. राज्यपाल विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात.

येथे एक मुद्दा नीट समजून घ्यावा. संमत झालेला कायदा त्याच दिवशी लागू होतो असे नाही. सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारे विधेयक आपल्या विधानसभेने १३ एप्रिल २०१६ रोजी संमत केले. ते राष्ट्रपतींकडे गेले, त्यांची संमती २०१७ मध्ये आली आणि कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो ३ जुलै २०१७ रोजी. म्हणजे जवळजवळ पंधरा महिने मध्ये गेले. एप्रिलात बातमी वाचून जो पीडित मनुष्य पोलीस ठाण्यावर गेला असेल, त्यास "असा कायदा नाही" हे उत्तर मिळाले असेल आणि ते खरेही असेल. तो निराश होऊन परतला, तर पुढच्या जुलैत त्यास पुन्हा कोणी सांगावयाचे? वृत्तपत्राने बातमी एकदा छापली, त्याचे काम झाले. ज्याने मत मागितले त्याचे काम मात्र तेवढ्याने संपत नाही.

या बहिष्काराच्या कायद्यास पूर्वेतिहासही आहे. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबास स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. ज्यांनी गावात वाळीत टाकलेले घर पाहिले आहे त्यांस त्या शिक्षेची धार ठाऊक आहे. दुकानदार मीठ देत नाही, मुलीचे लग्न मोडते, घरात मयत झाली तर खांदा द्यावयास चार माणसे मिळत नाहीत. आता या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बहिष्कार घालण्याच्या हेतूने भरणारी सभा जिल्हादंडाधिकारी रोखू शकतात. इतके मोठे संरक्षण पदरी असूनही एखादे कुटुंब पंचायतीपुढे नाक घासून दंड भरीत असेल, तर कायदा त्या घरी पोहोचला नाही असेच म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण जादूटोणाविरोधी कायद्याचे घेऊ. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा संमत झाला. या कायद्याविषयी जेवढे गैरसमज पसरले तेवढे क्वचितच दुसऱ्या कायद्याविषयी पसरले असतील. वारी बंद होणार, कीर्तन बंद होणार, घरातील पूजाअर्चासुद्धा गुन्हा ठरणार, असे लोक एकमेकांस सांगत होते. वस्तुतः वारी, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांस हा कायदा लागू नाही, असे त्याच कायद्यात लिहून ठेवले आहे. बंदी आहे ती अनुसूचीत सांगितलेल्या गोष्टींस. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास मारहाण करणे, एखाद्या स्त्रीस चेटकीण ठरवून तिचे जिणे अशक्य करणे, साप वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्रावर ठेवणे, या त्यांतील काही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंडाची आहे. पोलीस निरीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

आता विचार करा. पावसाळ्यात भाताच्या खाचरात काम करणाऱ्या बाईस साप चावतो. तिला उचलून दवाखान्यात न्यावयाचे की देवऋषाच्या ओट्यावर, याचा निर्णय घटका-दोन घटकांत करावा लागतो. तेथे जमलेल्या दहा माणसांपैकी एकास जरी ठाऊक असेल की दवाखान्याची वाट अडविणे हा आता गुन्हा आहे, तर तो पुढे होऊन बोलू शकतो. त्यास कायदा ठाऊक असणे आणि नसणे यांत एका जिवाचे अंतर आहे. मुंबईत मोठे भाषण करून टाळ्या मिळविणाऱ्या सभासदाने आपल्या पंचवीस गावांत जाऊन हीच गोष्ट पाच मिनिटे सांगितली, तर त्या पाच मिनिटांचे मोल मी अधिक समजेन.

तिसरा कायदा तर प्रत्येकाच्या रोजच्या गरजेचा आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अशा अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा अधिकार नागरिकास दिला आहे. मुदत टळली वा अर्ज नाकारला, तर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिले अपील, त्याहून वरिष्ठाकडे दुसरे आणि शेवटी राज्य आयोगाकडे तिसरे, अशी पायरी आहे. सबळ कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असे असता लोक दाखल्यासाठी आमदारांच्या घरी रांग लावतात! जे काम पोचपावती आणि अपील यांनी व्हावयाचे, ते चिठ्ठीने होऊ लागते. चिठ्ठीने काम झाले की मनुष्य उपकृत होतो. हक्काने झाले की तो नागरिक होतो. काही प्रतिनिधींस मतदार उपकृत राहिलेला अधिक सोयीचा वाटतो, हे मी कटुतेने नव्हे, पण स्पष्टपणे सांगतो. आपण चिठ्ठी मागत राहिलो, तर ती सोय आपणच त्यांस करून देतो, हेही तितकेच खरे आहे.

हीच गोष्ट पैशाची. आमदारास स्थानिक विकासासाठी निधी मिळतो. २०२२ मध्ये तो वर्षास ५ कोटी रुपये करण्यात आला. सभामंडप, पेव्हर-ब्लॉक, व्यायामशाळा यांवर ज्यांची नावे कोरलेली दिसतात ती कामे बहुधा याच निधीतली. त्रैराशिकाने पाहू. २८८ आमदारांचे प्रत्येकी ५ कोटी म्हणजे १,४४० कोटी रुपये. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लक्ष कोटी रुपयांचा. भागाकार केला तर सुमारे ४८६ येतात. म्हणजे जवळजवळ पाचशे रुपयांतील एका रुपयाचा हिशेब आपण फलकावर वाचतो आणि समाधान पावतो; उरलेल्या चारशे नव्याण्णव रुपयांवर ज्या सभागृहात मत दिले जाते, तेथे आपला प्रतिनिधी हजर होता की नाही हेही विचारीत नाही. शाळेतील रिक्त जागा, धरणाचा रखडलेला कालवा, तालुक्याच्या रुग्णालयातील औषधे यांचा निकाल त्या चारशे नव्याण्णवांत लागत असतो.

कोणी विचारील की, एकट्या सभासदाच्या हाती असते तरी काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून मत बहुधा पक्षाच्या आदेशाप्रमाणे द्यावे लागते. हे खरे आहे. पण मत बांधलेले असले तरी तोंड बांधलेले नाही. तारांकित प्रश्न विचारता येतो, त्याचे उत्तर मंत्र्यास सभागृहात उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न करता येतात. लक्षवेधी सूचना देता येते. दुरुस्ती सुचविता येते. मंत्री नसलेल्या सभासदास स्वतःचे अशासकीय विधेयकही मांडता येते. असे विधेयक संमत होणे दुर्मीळ, म्हणून ते निष्फळ समजू नये. महार वतनाच्या जाचातून लोकांस सोडविण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले; ते तडीस गेले नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. तेही त्या वेळी मंजूर झाले नाही. पण ते मांडून स्वस्थ बसले नाहीत. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला. सभागृहात काय चालले आहे हे खेड्यातील कुळास ठाऊक होते, म्हणूनच तो चालत आला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने गेली. लोकांस विश्वासात घेऊन मांडलेले विधेयक हरले तरी मरत नाही, याहून दुसरा पुरावा नको.

उलट दिशेने, म्हणजे गावातून सभागृहाकडे गेलेल्या कायद्याचे उदाहरण रोजगार हमीचे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात त्याचा विस्तार झाला. हाताला काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम देण्याची हमी देणारा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविला होता. म्हणजे शहराने खेड्याचा भार उचलला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. खडी फोडणाऱ्या बाईस या कायद्याचे कलम सांगता येत नसे. पण "काम मागितले तर द्यावेच लागते" हे तिला पक्के ठाऊक होते. कायदा पोहोचला म्हणजे काय, याची माझी व्याख्या इतकीच आहे.

मग प्रतिनिधीचे निवेदन कसे असावे? माझी सूचना साधी आहे. अधिवेशनानंतर प्रत्येक मोठ्या गावी तासाभराची सभा घ्यावी आणि एक दोन पानांचे पत्रक वाटावे. त्यात प्रथम, कोणती विधेयके संमत झाली आणि त्यांपैकी आपल्या तालुक्यास कोणती लागू पडतात, हे सोप्या मराठीत सांगावे. कायदा लागू झाला आहे की व्हावयाचा आहे, हेही सांगावे. दुसरे, आपण किती दिवस हजर होतो, कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तर मिळाले ते द्यावे. तिसरे, अर्जाच्या मुदती, कोणत्या कचेरीत जावयाचे, नाकारल्यास कोठे दाद मागावयाची, हे लिहावे. चौथे, मागल्या खेपेस जे करीन म्हटले होते त्यांपैकी काय झाले नाही आणि का झाले नाही, ते मोकळेपणाने सांगावे. आणि शेवटी गावकीची वार्ता असावी. कोणत्या शाळेची मुले शिष्यवृत्तीस लागली, कोणत्या बंधाऱ्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले, पुरात कोणी कोणास वाचविले, कोणते वडीलधारे माणूस आपल्यातून गेले. ही वार्ता मी क्षुल्लक मानीत नाही. कायद्याची भाषा कोरडी असते. आपल्या गावाचे नाव वाचावयास मिळाले म्हणजे मनुष्य ते पत्रक जपून ठेवतो आणि पाठपोट वाचतो. मात्र नुसती गावकीची वार्ता आणि समारंभांची छायाचित्रे असलेले पत्रक म्हणजे मीठ-मसाला आहे पण डाळ नाही, असे वरण होय.

शेवटी आपल्याकडे वळतो, कारण विचारणारा नसेल तर सांगणारा आळसावतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे, असे कायदा सांगतो. तेथे गावाच्या कारभाराविषयी बोलता येते आणि आमदारांस येण्याचे आमंत्रणही देता येते. ते येतील तेव्हा अर्ज जरूर द्यावेत; माणसाच्या अडचणी खोट्या नसतात. पण अर्ज देऊन झाल्यावर एकाने उठून नम्रपणे, पण स्वच्छ आवाजात विचारावे, "साहेब, या अधिवेशनात आपण काय बोललात?" पहिल्या वेळी उत्तर गोलमाल येईल. दुसऱ्या वेळी ते तयारी करून येतील. तिसऱ्या वेळी आपण विचारण्यापूर्वीच सांगू लागतील. निवडणूक पाच वर्षांनी येते. मध्यंतरीची पाच वर्षे जो मतदार प्रश्न विचारीत नाही, त्याने मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहून अर्धेच कर्तव्य केले असे म्हणावे लागेल.

आमच्या तरुण श्रोत्यांस एक काम सांगून थांबतो. आपल्या वाचनालयात वा शाळेत एक वही ठेवा. प्रत्येक अधिवेशनानंतर संमत झालेल्या कायद्यांची नावे, ते अमलात येण्याची तारीख आणि आपल्या गावास त्यांचा उपयोग काय, एवढे तीन रकाने त्यात लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो भरून देण्याची विनंती आपल्या प्रतिनिधीस पत्राने करा. त्या वहीचे पान कोणा अडलेल्या माणसाच्या उपयोगी पडले, तर विधिमंडळात झालेला कायदा आपल्या गावात पोहोचला असे खुशाल समजा.